उपाशी झाडं

२०१६ साली मी तलासरीजवळच्या सागाच्या वनात एका प्रयोगावर नोकरीला होते. पावसाळा सरता सरता तिथे बारीक अळी पडते आणि पानातला हिरवा गर खाऊन नुसती जाळी मागे ठेवते. तिचा पतंग वासावरून सागाचं पान हुडकतो आणि त्यावर अंडी घालतो. म्हणून त्याला न आवडणाऱ्या वनस्पतींचं तेल भरलेल्या पुड्या आम्ही झाडांना बांधायचो. पुडीतून वास महिना-दीड महिना थोडा थोडा झिरपत राही. ओढ्याच्या अलीकडच्या झाडांना भरलेल्या पुड्या, पलीकडच्यांना रिकाम्या. दोन्हीकडची पानं ताडून बघितली तरच वासाचा गुण कळणार होता, आणि तो कळला नाही तर प्रयोग तिथेच बंद. माझी नोकरीही.

पुड्या बांधायला जवळच्या पाड्यावरची एक मावशी यायची. बोलणं मोजकं, पण तिने मारलेली गाठ वाऱ्या-पावसात सुटायची नाही. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ताय, ह्या पुडीत काय नाय?"

"ती रिकामीच बांधायची," मी म्हटलं आणि पुढे गेले. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. कुणी प्रश्न विचारला की मला वाटतं, आता हा वेळ खाणार.

ऑक्टोबरात पानं मोजायला बसले तर दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या. आधी वाटलं, यंदा अळीच आली नाही. पण रस्त्याकडेच्या जुन्या सागांची तर चाळण झाली होती. मग पलीकडची एक रिकामी पुडी उघडली. आत कुस्करलेला निरगुडीचा पाला होता, अगदी ताजा.

मावशीने काहीच लपवलं नाही. "त्या आंगची झाडं उपाशी व्हती. किडं लागू नाय म्हून आमी तांदळात ठेवतो तो पाला घातला. दर आठ दिसांनी बदलला."

एकाच पंक्तीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्यापुढे कोरडं पान मांडायचं, हे तिला बघवलं नव्हतं. याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो आणि लग्नाच्या जेवणावळीत त्यावरून रुसतोही. पण त्या दिवशी मला हे सुचलं नाही. मी भडकले. वर्ष मातीत घातलंत, म्हणाले.

प्रयोगाचे प्रमुख, आमचे सर, शांत माणूस. त्यांनी मला एवढंच विचारलं, "पुडी रिकामी का, ते तिला सांगितलं होतं का?" त्यांनी खटपट करून आणखी एक वर्ष मिळवलं.

पुढच्या पावसाळ्यात मी तिच्या घरी गेले, माफी मागितली आणि ओट्यावर बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मुळीच घाई केली नाही.

"समजलं," ती म्हणाली. "एकाला नाय दिलं, तवा दिल्याचा गुण कळतो."

इतक्या थोडक्यात मलाही सांगता आलं नसतं. मला हायसं वाटलं. "मग सोमवारपासून येता ना?"

"नाय."

"का? आता तर पटलं ना?"

"पटलं. काम तुमचं बरोबर असंल. पन न देनारा हात माजा नको."

रोजगाराची तिला गरज होती. ती अच्छाडला एका ढाब्यावर चपात्या लाटायला जाऊ लागली. ते काम लांबचं होतं आणि दिवसभर चुलीपुढचं.

रिकाम्या पुड्या मग मीच बांधल्या. अळी आली. पलीकडच्या पानांची जाळी झाली, अलीकडची बरीचशी हिरवी राहिली. सरांनी पेढे आणले. पेढा घशाखाली उतरला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी दोन खाल्ले. पण पलीकडे पानं मोजायला गेले की मला त्या झाडांची लाज वाटायची. मोजून झालं की मी तिथे थांबत नसे, लगेच ओढा ओलांडायचे.