अब्राहमकाकांचा बैल

आमच्या डोंगरकडा गावात बैल हाकावा तर म्याच. फकस्त एक बैल काही केल्या जागचा हालला न्हाई.

काल लेकीनं लाकडी घान्याचं करडीचं तेल आनलं. त्या वासानं तीसएक वर्सांमागचे अब्राहमकाका आठवले. काका यहुदी. त्यांचे आजोबा कोकनातून हिंगोलीच्या छावनीत आले, मग आमच्या गावात घाना टाकला. देवळातली समई आन् विहारातला दिवा, दोनी त्यांच्याच तेलावर जळायचे. शनवारी मातर त्यांच्या धरमापरमानं घाना बंद. मानूसबी बसायचा, बैलबी.

काकांचं पोरगं त्यांना इस्रायलला बोलवून राहिलं व्हतं. म्हनून त्यांनी घाना आन् बैल मला दिला. एकच बोलले, "बाबू, ह्याला शनवारी जुंपू नको."

म्या पहिल्याच शनवारी जुंपला. डोळ्याला झापड व्हती. म्हनलं, ह्याला वार कुठं दिसतो! बैल बसला तो बसलाच. शेपटी पिरगाळली, खांदा लावला, तर म्याच तेलावर घसरून आडवा झालो.

तेवढ्यात काका आले. दुसऱ्या दिशी निघनार व्हते. बैलाच्या मानेवर हात ठिवून उभे राहिले. डोळ्यांत पानी. मला वाटलं, माझ्यावर हासून आलं. म्याबी हासलो.

आज वाटतं, अख्ख्या गावात त्यांचा शनवार पाळनारा तेवढाच एक उरला व्हता.

बायकोला म्हनलो, "काकांचा माझ्यावर लई भरोसा व्हता गं."

ती म्हनली, "भरोसा बैलावर व्हता. तुमच्या दारात नुसता बांधून गेले."