मेथीच्या वाफ्यातला टॉवर

मी कमी बोलते. कमी बोलणाऱ्या माणसासमोर लोक बिनधास्त बोलतात, त्यामुळे किस्से आपोआप साठत जातात. आमच्या फ्रिजमध्ये दह्याचे जुने डबे साठतात ना, तसे. झाकण उघडेपर्यंत आत आमटी आहे की चटणी, कळत नाही.

हा डबा टॉवरचा.

लग्न होऊन न्यू जर्सीत आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. घराजवळच्या पार्कमध्ये सिटी, म्हणजे इथली नगरपालिका, लोकांना भाजीचे वाफे देते. एक मीही घेतला. त्या वाफेवाल्यांच्या कमिटीला मीटिंगचे मिनिट्स लिहायला कुणीतरी हवं होतं. निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, परस्पर माझं नाव दिलं. "हिचं अक्षर छान आहे!" मिनिट्स लॅपटॉपवर लिहितात, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

सुनंदाकाकूंचा वाफा माझ्या वाफ्याला लागून. काका गेल्यावर काकू नागपूरहून मुलाकडे आल्या, आणि दिवसभर घरात एकट्या. "इथे मेथी लावली तेव्हा कुठे मला शेजारीण मिळाली," असं त्या म्हणतात. मलाही तेव्हाच मिळाली.

आणि पार्कच्या नेमक्या याच कोपऱ्यावर टॉवरसाठी मोबाईल कंपनीचा डोळा! सिटीने जागा लीजवर द्यायची, आमचे वाफे उठवायचे. सहीआधी कमिटीचं मत घ्यायचं, असा नियम. म्हणून कंपनीचा ब्रॅड आमच्याकडे यायला लागला. कायम हसतमुख. त्या हसण्याचाच मला जास्त राग यायचा.

*

पहिल्या मीटिंगला ब्रॅडने फोटो दाखवला. टॉवर, पण पाइनच्या झाडासारखा सजवलेला. प्लॅस्टिकच्या फांद्या, प्लॅस्टिकची पानं.

"कुणाला कळणारही नाही!"

"पण तिथे दोन ओक आहेत ना?" कमिटीचे अध्यक्ष जोशीकाका म्हणाले.

"ते काढावे लागतील. झाडाला जागा हवी!"

काकूंनी मला विचारलं, "म्हणजे खरी झाडं तोडून खोटं लावणार? अरे बाप्पा! आणि त्याला पाणी कोण घालणार?"

*

टॉवर किती उंच दिसेल, हे लोकांना कळावं म्हणून तेवढ्या उंचीवर फुगा सोडतात. लोकांनी येऊन बघावं आणि हरकत असेल तर सांगावी. नोटीस लावली होती पार्कच्या टॉयलेटच्या मागच्या भिंतीवर! फुगा सोडला बुधवारी सकाळी, सगळे ऑफिसात असताना.

मी एकटीच होते. दोन बायका बाळांचे स्ट्रोलर ढकलत आल्या आणि मला विचारून गेल्या, "कुणाचा बर्थडे?"

कंपनीच्या रिपोर्टमध्ये आलं : "उपस्थितांपैकी कुणीही हरकत घेतली नाही."

*

"लीज फक्त पाच वर्षांचं," ब्रॅड म्हणत होता. जोशीकाका पुण्याचे, कुठलाही कागद ते मागून वाचायला घेतात. शेवटच्या पानावर सापडलं : पुढे आणखी पाच वेळा, दर वेळी पाच वर्षांनी वाढणार, आपोआप.

"म्हणजे तीस वर्षं! तोवर मी कुठे असेन?"

ब्रॅड हसून म्हणाला, "टॉवर इथेच असेल, सर!"

*

मग ब्रॅडने "रहिवाशांचा पाठिंबा" म्हणून पत्रांचा गठ्ठा आणला. सगळ्यात वरचं पत्र निखिलचं!

कॉल ड्रॉप होतात म्हणून त्याने वैतागून अ‍ॅपवर तक्रार केली होती. कंपनीने त्याचं पाठिंब्याचं पत्र करून टाकलं. अरे, हा माणूस दिवसभर घराच्या बेसमेंटमध्ये बसून काम करतो! तिथे देवाचाही फोन लागायचा नाही!

"पण यार, टॉवर आला तर बरंच आहे की," निखिल घरी म्हणाला.

मी मिनिट्समध्ये त्याचं नाव लिहिलं, आडनावासकट. आणि त्याच्यासाठी केलेली मेथीची भाजी काकूंच्या घरी पाठवली.

*

"वाफे दुसरीकडे हलवता येतील का?" ब्रॅडने विचारलं होतं. जोशीकाका म्हणाले, "वी विल सी."

दुसऱ्या दिवशी ब्रॅडचा ईमेल : "वाफे हलवण्याचं बघण्याचं मान्य केल्याबद्दल आभार."

आता आपल्याकडे "बघू" म्हणजे सरळ नाही! लग्नाच्या स्थळापासून पिकनिकपर्यंत कुणालाही विचारा. पण हे ब्रॅडला कोण सांगणार?

जोशीकाका भडकले. पुढच्या मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून त्यांनी दम दिला. बघून घेईन, असा. पण इंग्रजीत.

"आय विल सी यू!"

"नक्की!" ब्रॅड खूश झाला. तिथल्या तिथे त्याने कॅलेंडर इन्व्हाइट पाठवलं. मंगळवार, सकाळी दहा, वाफ्यांपाशी. लीजवर मत देणाऱ्या सिटी कौन्सिलच्या बाईंनाही त्यात घेतलं.

*

मंगळवारी दहाला ब्रॅड आला, बाईही आल्या. जोशीकाका आणि मी होतोच, काकू मेथी खुडत होत्या. ब्रॅडने काकूंच्या वाफ्यापाशी उभं राहून नकाशा उघडला आणि एका लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"आपण इथे आहोत. डेड झोन! इथे फोन लागतच नाही, म्हणून टॉवर इथेच हवा."

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. नागपूरहून बहिणीचा व्हिडिओ कॉल. काकूंनी मातीचे हात ओढणीला पुसले आणि फोन समोर धरला.

"काय करून राहिली गं? मेथी खुडली का?" बहिणीने विचारलं.

"थांब जरा. टॉवरवाला आलाय. म्हणतो, इथे फोन लागत नाही."

"असं का? मग त्याला म्हणाव, आधी बाजूला सरक. मेथीवर पाय दिलाय त्याने, मला इथून दिसून राहिलं!"