वाशिमचे पाहुणे

मला आजवर पाहायला आलेल्या स्थळांपैकी सातवं स्थळ मी स्वतः तयार केलं होतं. ते सगळ्यांच्या पसंतीलाही उतरलं. अडचण एवढीच, की ते अस्तित्वात नव्हतं.

तेव्हा मी हिंगोलीच्या मोंढ्यात दिगंबरकाकांच्या हळदीच्या आडतीवर कॉम्प्युटरचं काम करायचे. (म्हणजे फोन घेणे, हमालांची भांडणं मिटवणे आणि काकांचा हरवलेला चष्मा त्यांच्याच कपाळावरून शोधून देणे.) संध्याकाळी नरसीला घरी पोचेपर्यंत मी नखशिखान्त पिवळी झालेली असे. लग्न न ठरता रोज हळद लागणारी जिल्ह्यात मी एकटीच असेन!

अशात वाशिमच्या एका बियाणे कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. सोमवार, सकाळी अकरा. ऑफिसचं काम, रविवारी सुट्टी, डोक्यावर पंखा. मला सत्ताविसावं लागलं होतं आणि ही नोकरी अगदी मनापासून हवी होती. पण घरी सांगायची सोय नव्हती. मागच्या मुलाखतीची बातमी आईने नरसीभर केली होती, आणि पुढे महिनाभर दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळे मला "लागली का?" विचारत होते.

राहता राहिली रजा. काका माणूस देवासारखा, पण रजेचं नाव काढलं की देव दगडाचा व्हायचा. हंगामात रजा तीनच कारणांना मिळे: मयत, बाळंतपण आणि मुलगी पाहायला पाहुणे येणं. पहिल्यासाठी आमच्या घरात कोणी तयार नव्हतं आणि दुसऱ्यासाठी मी पात्र नव्हते. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "काका, सोमवारी मला पाहायला पाहुणे येऊन राहिले."

काकांनी हातातला फोन खाली ठेवला. कुठले पाहुणे, मुलगा काय करतो, येणार किती वाजता, सगळी उलटतपासणी झाली. खोटं बोलताना माझं डोकं चालत नाही, त्यामुळे मी मुलाखतीच्या पत्रातलंच सांगत गेले. वाशिमचे. मुलगा बियाण्याच्या कंपनीत साहेब. अकरा वाजता. काका इतके खूश झाले की त्यांनी भर हंगामात हमालांना चहा पाजला. मला आतून फार वाईट वाटलं, पण रजा मिळाली होती.

सोमवारी मी रोजच्यासारखी डबा घेऊन घरातून निघाले आणि हिंगोलीहून वाशिमची बस धरली. कनेरगाव नाका मागे पडला तेव्हा आपण किती हुशार आहोत, या विचाराने मला स्वतःचंच कौतुक वाटलं. (ते पुढे दीड तास टिकलं.)

मुलाखत छान चालली होती. साहेब पन्नाशीचे, शांत, प्रत्येक उत्तराला मान डोलावणारे. शेवटी त्यांनी माझा फॉर्म पाहिला. त्यात 'सध्याच्या मालकाचा फोन नंबर' अशी एक रेघ होती, आणि रेघ रिकामी सोडू नये या शाळेतल्या शिकवणीप्रमाणे मी तिथे काकांचा नंबर लिहून ठेवला होता. साहेब म्हणाले, "एकदा विचारून घेतो." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"नमस्कार, वाशिमहून बोलतोय. बियाणे कंपनीतून. वर्षाबद्दल थोडी चौकशी करायची होती."

"अहो या या, साहेब," काकांचा आवाज खोलीभर झाला. "आमी तुमचीच वाट पाहून राहिलो. नाक्यापर्यंत आलात का?"

साहेबांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोनमधून दुसरा आवाज आला, "दादा, अजून थोडे पोहे घ्या." तो माझ्या आईचा होता.

झालं होतं असं, की पोरीच्या बैठकीला चार मोठी माणसं असावीत, एकटा बाप उघडा पडतो, असं म्हणून काका बिचारे आडत हमालांवर सोपवून काकूंना घेऊन नरसीला आमच्या घरी जाऊन बसले होते. पाहुणे येणार हे ऐकून आईला वाटलं, बाबांनी परस्पर स्थळ आणलं. बाबांना वाटलं, हे आईचं काम. परक्यांसमोर भांडण नको म्हणून दोघं एकमेकांकडे रागाने बघत गप्प बसली आणि आईने पोहे टाकले. मुलगी कुठे आहे, याचं उत्तर दोन्ही बाजूंनी ठरवून टाकलं होतं: घरच्यांच्या मते ऑफिसात, काकांच्या मते आतल्या खोलीत.

साहेबांना यातलं काय माहीत? त्यांनी शांतपणे विचारलं, "मुलगी कामाला कशी आहे?"

"वाघीण हाय," काका म्हणाले. "सैपाकाचं मला ठावं न्हाई. पण तीन वर्सात पोरगी एकदा माझ्याशी खोटं बोलली न्हाई. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो."

खुर्चीवर बसल्या बसल्या माझे कान तापले. खरंच सांगते, त्या क्षणी मला नोकरी नको झाली होती. मला फक्त उठून काकांच्या पाया पडायचं होतं.

"मग आम्ही तिला घेतलं तर तुमची काही हरकत?"

मग काकांचा आवाज जड झाला. "हरकत कशाची? लेक कधीतरी जायचीच. फक्त एक अट हाय. तिला घरात बसवू नका. नोकरी करू द्या."

"अहो, नोकरीसाठीच तर बोलावलंय तिला."

"असं व्हय? मग तर सोन्याहून पिवळं!" असं म्हणून काकांनी फोन ठेवला आणि माझ्या आईवडिलांना सांगितलं, की पाहुण्यांना पोरगी न पाहताच पसंत आहे.

साहेबांनी फोन बाजूला सरकवून माझ्याकडे पाहिलं. मी सगळं खरं सांगून टाकलं. ते हसले नाहीत, पण रुमाल तोंडाला लावून दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मग म्हणाले, एक तारखेपासून या.

दुपारी मी घरी पोचले तेव्हा चौघं अजून तिथेच होती. आईने काकूंची ओटीसुद्धा भरली होती. मी उंबऱ्यातच उभी राहून सगळं कबूल केलं. आई म्हणाली, एवढे किलोभर पोहे! स्थळ आपण आणलं नव्हतं हे सिद्ध झाल्याचंच बाबांना समाधान होतं. काका मात्र खाली बघत होते.

"मला खरं काहून सांगितलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही रजा दिली असती का?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई," ते म्हणाले. मग चप्पल घालता घालता म्हणाले, "पण हरकत न्हाई असा शब्द देऊन बसलो आता. जाय. हंगाम तेवढा संपू दे."

साहेबांकडून तारीख पुढे ढकलून घेतली आणि मी हंगाम संपवूनच वाशिमला रुजू झाले. पंखा खरोखर आहे.

पुढच्या वर्षी वाशिमचंच एक खरं स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता, हे सांगायला मी लाजत नाही. त्याच्या वडिलांनाही मी आवडले होते. फक्त रीतीप्रमाणे चौकशी करावी म्हणून त्यांनी काकांना फोन लावला आणि वर्षाबद्दल विचारायचंय, एवढंच म्हणाले. काका आता शहाणे झाले होते; वर्षाची चौकशी म्हणजे नोकरीची, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांनी समोरच्याला पुढे बोलूच दिलं नाही.

"पोरगी एक नंबर हाय," ते म्हणाले, "पण आधीच सांगून ठेवतो. तीन वर्सं नीट राहती, अन् दुसरीकडं बरी जागा दिसली की डबा घेऊन गपचूप निघून जाती!"

वाशिममधल्या त्या घरातून मला अजून निरोप यायचा आहे.