शिंगाड्यांच्या तळ्यातली काठी

ही गोष्ट सांगायची मी सात वर्षं टाळली. त्या तळ्याबद्दल मात्र भरपूर बोललो. नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या कॉलनीत असा माणूस नसेल ज्याला मी तिथल्या पाण्याचं वर्णन ऐकवलं नाही. पण दर वेळी मी तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत येऊन थांबायचो.

निवृत्तीनंतर डोक्यात खूळ आलं की मुलाची कॉलेजातली सॅक पाठीवर टाकायची आणि काहीही न ठरवता चार दिवस कुठंतरी जाऊन पडायचं. बायको म्हणाली, "बाजारातून कोबी आणवत नाही, आणि निघाले बोजा घेऊन!" माझा ऑफिसातला जुना जोडीदार तयार झाला, तोही घरची उशी सॅकला बांधून. दिवाळी नुकतीच झाली होती. एसटीनं अडीच तासांवर एक जुनं तळं आहे. तिथं मासेमारी करणाऱ्या एका ढिवर नवराबायकोनं आम्हाला अंगणात दोन खाटा टाकून दिल्या.

काय दिवस होते! सकाळी पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर फिरायचं, मग डुंबायचं, मग तळलेली बारीक मासळी आणि भात. दुपारी उकडलेले शिंगाडे सोलत खाटेवर लोळायचं. जोडीदार म्हणायचा, "इथं ऑफिस असतं ना गा, तर मी रिटायरच झालो नसतो." काठालगतचं पाणी शिंगाड्याच्या वेलांनी झाकलेलं होतं, नुसती हिरवी सतरंजी. तिचा अर्धा भाग आमच्या यजमानाचा, अर्धा त्याच्या थोरल्या भावाचा. थोरला शेजारच्याच घरात राहायचा.

तिसऱ्या दिवशी यजमान आणि त्याची बायको शिंगाडे घेऊन बाजाराला गेले. जोडीदार घोरत होता. मी कपडे धुतले. दोरी होती, तिचं एक टोक बाभळीला बांधलं, पण दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. गुडघाभर पाण्यात एक बांबूची काठी रोवलेली दिसली. वरच्या टोकाला हळदीचा पुसट डाग होता. मी ती उपटली, काठावर रोवली आणि पँट वाळत घातली. तासाभरात पँट वाळली. काठी परत पाण्यात रोवायला गेलो, तर आधीचं भोक चिखलात बुजलेलं. अंदाजानं खुपसली आणि मीही झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो. यजमान डोंग्यातून, त्याच्या छोट्या होडीतून, काठीपर्यंतचे शिंगाडे तोडून परत आला, आणि मागोमाग थोरला भाऊ.

"दोघायनं मिळून नारळ फोडला होता ना काठीपुढं? अन् आता सरकवतं? तीन हात माह्या वेलात घुसला तू!"

"मी काहून हात लावू गा त्या काठीले? लेकराची आन!"

तेव्हा मला कळलं. वेल लावताना दोघं भाऊ मिळून आपापल्या वाट्याची हद्द म्हणून ती काठी रोवत, पूजा करत, आणि हंगाम संपेपर्यंत तिला कोणी शिवत नसे. त्या गावातलं माणूस तिला चुकून हात लावणं शक्यच नव्हतं. लावला म्हणजे मुद्दामच.

यजमानाची बायको माझ्याकडे वळली. "बाबाजी, काल तुमी इथंच होते ना? कोनी आलतं काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चहा अर्धा उरला होता.

"नाही बा," मी म्हणालो. "मी झोपलो होतो."

"झालं!" थोरला म्हणाला. "मंग काठी सोताच्या पायानं चालली!" तो निघून गेला. यजमान भरलेल्या डोंग्याकडे बघत उभा राहिला.

परतताना एसटीत जोडीदार म्हणाला, "लहानाच्या तोंडावरून तर खोटं वाटत नव्हतं गा." मी खिडकीतून संत्र्यांचे ट्रक बघत बसलो.

दोन वर्षांनी मी एकटाच गेलो, सांगून टाकायचं ठरवून. दोन्ही घरांच्या मध्ये काट्यांचं कुंपण घातलेलं होतं. धाकटा बायकोला घेऊन नागपुरात बांधकामावर गेल्याचं कळलं. पत्ता कोणाकडे नव्हता. थोरल्यानं मला ओळखलं, खाट टाकली, शिंगाडे आणले. म्हणाला, "तुमीच पाहिलं ना, सख्ख्या भावानं कसं केलं? त्याले म्या खांद्यावर घेऊन पोहाले शिकवलं होतं." मी मान हलवली. शिंगाडे गोड आहेत म्हणालो. एसटीची वेळ झाली म्हणून उठलो, आणि त्यानं माझी सॅक उचलून थांब्यापर्यंत सोबत केली. पूर्ण वाट मी एकच वाक्य जुळवत होतो. गाडी आली, मी चढलो, त्यानं हात हलवला, आणि ते वाक्य तोंडातच राहिलं: भाऊ, ती काठी मी उपटली होती, तुमच्या भावानं तिला हातही लावला नव्हता, मला माफ करा.