आधी बसा

खुर्चीबाईंना खुर्चीत बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. नाशिकच्या आमच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाच्या त्या प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली नवी. खुर्च्या कमी, माणसं फार. आलेल्याला त्या स्वतःची खुर्ची द्यायच्या. "आधी बसा, मग सांगा." नाव त्यावरून पडलं, तोंडावर अर्थात सगळे मॅडमच म्हणायचे.

"बसायला जागा नाही म्हणून साक्षीदार फिरतात," असं त्या म्हणत आणि आम्ही हसायचो. पण साक्षीदार जिन्यावर बसायचे, आणि वरच्या पायरीवर आरोपीचे भाऊबंद. मुंबईला अर्जांवर अर्ज करून मॅडमनी साक्षीदारांसाठी एक खोली मिळवली. मग बाकं मागितली.

बाकं आली ती शाळेची. पहिलीच्या पोरांची, दप्तराच्या कप्प्यासकट. भांडारात कुणी 'बाकं' एवढंच वाचलं असावं. मॅडम म्हणाल्या, "परत पाठवली तर मी रिटायर होईपर्यंत दुसरी येणार नाहीत. लावा."

त्याच आठवड्यात घोटीकडच्या एक मावशी साक्षीला आल्या. शेजारच्या सुनेला सासरचे मारताना त्यांनी एकटीने पाहिलं होतं. सगळा खटला त्यांच्यावर उभा. त्या मला हळूच म्हणाल्या, "मला काय दिसलं नाय, आसंच सांगते. त्याच गल्लीत ऱ्हायचंय मला." मी धावत जाऊन मॅडमना बोलावून आणलं.

मॅडमनी कायदा काढला नाही. स्वतः त्या बुटक्या बाकावर बसल्या, गुडघे पार हनुवटीशी. "आधी बसा, मावशी." मावशी शेजारी कशाबशा मावल्या. पुढच्या फळीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "साळंत कधी गेले नाय मी. आज बसले बघा." आणि हसल्या. दोघी बराच वेळ भातलावणीबद्दल बोलत होत्या. पुकारा झाला तशा मावशी उठल्या आणि पाहिलं ते सगळं सांगून आल्या. मॅडमना मात्र बाकातून उठता येईना. मी हात दिला.

त्या निवृत्त झाल्यावर चांगल्या खुर्च्या आल्या, त्यांच्याच जुन्या मागणीवर. बाकं परत गेली. एक मी हट्टाने ठेवून घेतलं.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. फोन आला तेव्हा मी कोर्टातच होते. त्या खोलीत आले, बाकावर बसले आणि रडले. सावरले तेव्हा दारात एक मुलगी दिसली. साक्षीला आलेली, घाबरलेली, आत यावं की नाही अशी उभी. मी डोळे पुसले आणि सरकून तिला जागा करून दिली.