आडवा बाणा

शनिवार उजाडला की मी आबांचा फेटा शोधायला लागायचे. आबा म्हणजे माझे वडील. बुऱ्हाणपुरात आमच्या साळ्यांच्या गल्लीत ते माग चालवायचे. अक्षरओळख नव्हती, पण शनिवारी शाळेत तेच मास्तर असायचे. त्या दिवशी माझा तोरा असा असायचा की वर्गातल्या दोघी मुली मला कोपराने ढोसायच्या.

हे खूळ आमच्या रोजच्या मास्तरांचं. "पोरं काय नुसतं डोकं घेऊन शाळेत येतात? हात घरी ठेवून येतात का?" असं ते गावात सगळ्यांना विचारत फिरायचे. मग दर शनिवारी गावातलं नाहीतर आसपासचं कुणीतरी येऊन शिकवायचं. जवळच्या जसोंडी गावच्या एका शेतकरीमामांनी आमच्याकडून शाळेमागे केळी लावून घेतल्या. आबांनी शाळेच्या ओसरीवर छोटा माग बसवून दिला, तेव्हापासून शनिवार त्यांचाच. उभे धागे तो ताणा, त्यांतून आडवा जातो तो बाणा, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

मग कुणीतरी वर कळवलं की इथे पोरांना मजुरी शिकवतात. शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला येणार असं ठरलं. त्यांना पटलं नाही तर शनिवार बंद. आबांनी त्या आठवड्यात फेटा दोनदा धुतला.

ठरल्या शनिवारी साहेब आले आणि त्यांनी आधी वाचन घेतलं. धडा एका शूर सरदाराचा होता. पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, "सांगा पाहू, शूर पुरुषाचा बाणा कसा असतो?"

इतका सोपा प्रश्न! माझा हात सगळ्यांच्या आधी वर.

"आडवा, साहेब. आणि ठोकून घट्ट बसवलेला."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या भुवया वर गेल्या. "आडवा?"

"मग? उभा बाणा कुणी पाहिलाय?" मी उलट विचारलं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

ओसरीवरून आबा उठून दारात आले आणि हात जोडून उभे राहिले. "सायेब, पोरगी माही हाये. चुकी बी माहीच. माले एकच बाणा ठाव हाये, तोच शिकवला."

साहेब खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "चला, दाखवा मलाही."

ते कोटासकट मागावर बसले, बाण्याच्या धाग्याचा धोटा फेकला आणि तिसऱ्याच फेकीला धागा तुटला. आम्ही सगळी पोरं एकदम तो धागा जोडायला झेपावलो. गाठ मी मारली. साहेबांनी ती नखाने चाचपून पाहिली आणि मोठ्याने हसले. मला तर ओसरीभर नाचावंसं वाटत होतं.

जाताना त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, ते मास्तरांनी आम्हाला वाचून दाखवलं: 'मुलांना बाणा ठाऊक आहे. शनिवार चालू ठेवावा.'

सगळे पांगल्यावर आबांनी ती वही मागून घेतली. "त्यात बाणा कोठी लिहिला?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी बोट ठेवलं. फेटा मागे सारून ते कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.

"हे उभे धागे," काने दाखवत ते म्हणाले, आणि मग त्यांनी वरच्या रेघेवरून अलगद बोट फिरवलं. "अन् हा आडवा. पोरी, हे तं माले वाचता येते."