बल्ख्यांचा पहिला फेटा

पाटील, जाधव, पवार या मंडळींना एक सुख आहे. आडनाव सांगितलं की विषय संपतो! आम्ही बल्खे. मी सांगलीत हायस्कूलवर मास्तर होतो, आणि दर जूनमध्ये फळ्यावर नाव लिहिलं की मागच्या बाकावरून प्रश्न यायचाच, "सर, तुम्ही मूळचे कुठले?" उत्तर आमच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत नाही. त्यामुळे माहिती शून्य आणि किस्से पोतंभर, अशी आमची अवस्था. त्यातले थोडे सांगतो.

* * *

पहिला मान आमच्या तात्यांचा. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, फौजेतून सुभेदार होऊन फलटणजवळच्या आमच्या गावी परतलेले. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, पण मिशी अजून ड्यूटीवर.

फौजेत एका नव्या साहेबानं त्यांना विचारलं, "बल्खे? अफगाणिस्तान में बल्ख है. वहाँ के हो क्या?"

तात्या सावधान उभे राहून म्हणाले, "साब, मैं फलटन का हूँ. बीच का रास्ता मालूम नहीं!"

* * *

आमच्याकडे लग्नात मानाचे फेटे असतात. माईकवरून नाव पुकारतात, आणि भावकीतल्या थोरल्या पातीला, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाला, पहिला फेटा. आमची पाती थोरली हे तात्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. एका लग्नात माईकवाल्यानं चुकून दुसऱ्याच चुलत्याचं नाव आधी घेतलं. तात्या भरल्या पंगतीतून उठले ते थेट एसटी स्टँडवर!

मी मागोमाग पळालो. "तात्या, अहो, एक फेटाच तर आहे!"

"फेटा न्हाई रं मास्तर. आमी कोण हाय, त्ये त्यातनं कळतं."

त्या चुलत्याशी ते पुढं अकरा वर्षं बोलले नाहीत. तो बिचारा शेवटी वारला, आणि त्या दिवशी तात्या सगळ्यांच्या आधी पोचले होते. दिवसभर एका कोपऱ्यात बसून होते.

* * *

मग तात्यांच्या नातीचं, पल्लवीचं, लग्न ठरायला आलं. मुलगा खंडाळ्याचा, दोघं पुण्यात एकाच कंपनीत, एकमेकांना पसंत. मुलाचे आजोबा अण्णा मात्र जुन्या वळणाचे. बैठकीत सुपारी ताटात असताना त्यांनी विचारलं, "समदं पसंत हाय आमाला. पर पाव्हणं, तुमचं मूळ कुठलं? आमच्या भावकीत मला सांगाय लागंल."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तीन म्हैन्यांत सांगतो." सुपारी तशीच ताटात राहिली.

स्वयंपाकघरात पल्लवी मला म्हणाली, "काका, मी कुठली हे ठरेपर्यंत मी कुठलीच नाही का?" मला फार वाईट वाटलं.

* * *

शोध सुरू झाला. माझा पुतण्या संदीप पुण्यात इंजिनिअर. त्यानं लॅपटॉपवर वंशवृक्ष काढला. सगळ्यात वर लिहिलं होतं, उदयपूर!

"पुरावा काय?" मी विचारलं.

"काका, वर जागा मोकळी होती. बरं दिसत नव्हतं."

मग त्यानं डीएनए टेस्टची किट मागवली. नळीत थुंकायचं, एवढंच काम. पण आधी अर्धा तास तोंडात काही नको, आणि तात्यांच्या गालात तंबाखू कायमची मुक्कामाला! "फौजेत बी येवढी कडक ड्यूटी न्हवती रं!" पहिला नमुना लॅबनं बाद केला. दुसराही बाद. तिसऱ्या वेळी संदीप घड्याळ घेऊन समोर बसला, तेव्हा कुठं रिपोर्ट आला. आमचं मूळ, दक्षिण आशिया.

तात्या भडकले. "ह्ये मी थुंकायच्या आधीच सांगितलं असतं!"

* * *

तीन महिने संपत आले आणि हेळवी आला. हे लोक कर्नाटकातून येतात, पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची वंशावळ सांभाळतात आणि घरोघरी वाचून दाखवतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आमचा मोटरसायकलवर आला. तात्यांचे बाप, आजे, पणजे सगळे धडाधड वाचून तो म्हणाला, "हितं धाकट्या पातीचं वाचून झालं."

"धाकटी कुणाची रं?"

"तुमची. दोगं भाऊ हुतं. थोरली पाती कुंडलला, घोड्यांना नाल मारायची. आता त्या घरात बशीरभाई बल्खे हायत."

तात्यांनी ती ओळ तीनदा वाचायला लावली.

मी विचारलं, "म्हणजे थोरला तिकडं गेला, का धाकटा इकडं आला?"

"मास्तर, आमी वंश सांगतो. वाट न्हाई सांगत."

* * *

दुसऱ्या दिवशी तात्या आणि मी कुंडलला. बशीरचाचांचं वेल्डिंगचं दुकान. चाचा तात्यांच्याच वयाचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाकून पोराला काहीतरी दाखवत होते.

"कुठनं आलासा?"

"फलटणकडनं. बल्खे."

चाचांनी दोन खुर्च्या ओढल्या. "या की! लय वर्सं लावली! आमचं आजं सांगायचं, धाकटा भाऊ पंगतीतनं रुसून उठला, त्यो परत आलाच न्हाई."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ट्रॉलीकडे बघत राहिलो!

* * *

तात्या तसेच खंडाळ्याला गेले आणि अण्णांना सगळं सांगून आले. काही लपवलं नाही. "लग्न मोडलं तर मोडू दे, पर खोटं मूळ सांगून पोरगी देनार न्हाई," असं मला वाटेतच म्हणाले होते. अण्णा फक्त म्हणाले, "भावकीत बोलतो." दोन दिवस पल्लवीनं फोन हातातून खाली ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "तारीख धरा." पुढं-मागं एक शब्द नाही.

लग्नात माईक तात्यांनी स्वतः हातात घेतला. "बल्खे भावकीचा पयला मान. थोरली पाती, कुंडल. बशीरभाई बल्खे!"

चाचा उठून आले, खाली मान घालून फेटा बांधून घेतला. दुसरा फेटा तात्यांनी घेतला. जन्मात पहिल्यांदाच दुसरा! आणि जेवायला बसले ते पोटभर जेवूनच उठले.

पाठवणीच्या वेळी मात्र तात्यांना बोलवेना. मुलीकडच्या थोरल्यानं व्याह्यांपुढं हात जोडायचे असतात, पण ते पल्लवीचा हात धरून नुसते रडत राहिले. तेव्हा चाचा पुढं आले. फेटा एका बाजूला कललेला. अण्णांपुढं हात जोडून म्हणाले, "आमची पोरगी हाय. काय चुकलं-माकलं तर कुंडलला कळवा. थोरला मी हाय."

अण्णांनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात धरले.

गाडी निघता निघता खंडाळ्याकडचे एक म्हातारे पाव्हणे अण्णांच्या शेजारी येऊन बसले. सगळ्या लग्नात दाबून ठेवलेला प्रश्न त्यांनी शेवटी विचारलाच. "आवं अण्णा, ही नवरीकडची मानसं मूळची कुठली म्हनायची?"

अण्णांनी शांतपणे पान जुळवलं. म्हणाले, "थोरलं घर कुंडलला हाय त्यांचं."